ड्युटी संपल्यावर पिस्तूल कुठे जातं?

चाळीत एखादे हवालदारकाका राहत असले की पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: काकांची बंदूक कुठे आहे? नायगाव, वरळी, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत गिरणी कामगार आणि पोलीस यांची बिऱ्हाडं कित्येक पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिली. तिथल्या मुलांना हा प्रश्न विचारायची संधी इतरांपेक्षा जास्त मिळाली. उत्तर बहुतेक वेळा मुलांची निराशा करतं. काकांची बंदूक घरी नसते. ती पोलीस ठाण्यात किंवा सशस्त्र दलाच्या शस्त्रागारात कुलपात असते, आणि पुष्कळ शिपाई-हवालदारांच्या हातात तर रोजच्या कामातही फक्त लाठीच असते. मोठ्या माणसांनाही हे कोडं पडतं. पोलीस चोवीस तास पोलीस असतो असं आपण ऐकत आलो. सिनेमातला इन्स्पेक्टर लग्नाच्या मांडवातही कमरेला पिस्तूल लावून वावरतो. अमेरिकेतले पोलीस सुट्टीच्या दिवशीही शर्टाखाली पिस्तूल बाळगतात हेही आपण वाचलेलं असतं. मग लालबागमध्ये किंवा गिरगावात राहणाऱ्या आपल्या पोलिसाचं हत्यार ड्युटी संपताच कुलपात का जातं?

याचं उत्तर कायद्यात थोडं आहे, इतिहासात थोडं आहे आणि पिस्तूल या यंत्राच्या रचनेत सगळ्यात जास्त आहे. ते उलगडत गेलं की लक्षात येतं, हत्यार कुलपात जातं ही व्यवस्था बहुतांशी शहाणपणाची आहे. खरी उणीव दुसरीकडे आहे. हत्यार कुलपातून बाहेर आल्यावर ते ज्या हातात जातं त्या हाताचा सराव किती ताजा आहे आणि तो कुणी तपासला आहे, हा प्रश्न आपल्याकडे फार कमी वेळा विचारला जातो.

दोन कायदे आणि त्यांची दोन कामं

महाराष्ट्र पोलीस अधिनियम हा १९५१ चा कायदा. पूर्वी त्याचं नाव मुंबई पोलीस अधिनियम होतं. त्याचं कलम २८ सांगतं की पोलीस अधिकारी नेहमीच कामावर आहे असं मानलं जाईल आणि राज्यात कुठेही त्याला कामाला लावता येईल. ही कल्पना १८६१ च्या पोलीस कायद्यापासून चालत आली आहे. तिचा हेतू साधा आहे. डोळ्यांसमोर गुन्हा घडत असताना ‘माझी पाळी संपली’ असं पोलिसाला म्हणता येऊ नये, आणि दंगल किंवा आपत्ती आली तर रजेवरच्या माणसालाही बोलावता यावं. म्हणजे हे कलम जबाबदारीबद्दल बोलतं. हत्याराबद्दल त्यात काही नाही.

हत्याराबद्दल बोलतो तो १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय कुणालाही बंदूक बाळगता येत नाही. कलम ४५ काही अपवाद करतं, आणि त्यातला एक असा की सरकारी नोकर आपलं कर्तव्य बजावत असताना जे हत्यार बाळगतो त्याला हा कायदा लागू होत नाही. पोलिसाला परवाना लागत नाही तो या अपवादामुळे. पण ही सूट त्याच्या कर्तव्याला जोडलेली आहे, त्याच्या व्यक्तीला नाही. त्याच्या हातातलं पिस्तूल सरकारी मालमत्ता असतं. हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या नोंदवहीत चढते, सही होते, आणि परत करताना पुन्हा मोजदाद होते. एक काडतूस कमी भरलं तरी त्याचा खुलासा द्यावा लागतो. हे हत्यार मेव्हण्याच्या लग्नाला किंवा गावच्या जत्रेला नेणं म्हणजे कलम ४५ च्या छत्रीबाहेर पाऊल टाकण्याचा धोका पत्करणं आहे.

पोलिसाला स्वतःचं खासगी हत्यार हवं असेल तर त्याची वाट तुमच्याआमच्यासारखीच. परवान्यासाठी अर्ज करायचा, आणि मुंबईत तो परवाना पोलीस आयुक्तांकडूनच मिळतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट आणली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरवलं. पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटरचं पिस्तूल सर्वसाधारण नागरिकाला परवान्यावर मिळत नाही, कारण ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. खासगी परवान्यावर बहुधा .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल येतं. निवृत्त पोलिसालाही आपोआप कोणताही हक्क मिळत नाही. आणि ड्युटीवर नसताना खासगी हत्यारातून गोळी झाडलीच, तर तिचं समर्थन भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधल्या स्वसंरक्षणाच्या हक्कावर करावं लागतं, जसं कोणत्याही नागरिकाला करावं लागेल.

इथं इतिहासाचाही एक धागा आहे. १८५७ नंतर इंग्रज सरकारला देशी माणसाच्या हातातल्या चांगल्या बंदुकीची धास्ती बसली होती. पुढे पोलीस आणि तुरुंग पहाऱ्यासाठी जी .४१० ची मस्कट बनली, ती ली-एन्फिल्ड रायफलवरूनच घडवलेली होती. पण तिच्या नळीतले आटे काढून ती गुळगुळीत ठेवलेली आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी. लांबचा नेम तिला जमू नये हीच त्यामागची योजना. हत्यार मोजून द्यायचं, मोजून परत घ्यायचं आणि कुलूप लावायचं, ही शिस्त त्या अविश्वासातून जन्मली. पुढे याच शहरानं पोलिसांच्या बंदुकीची दुसरी बाजूही पाहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५५-५६ च्या गोळीबारांनी फ्लोरा फाउंटनपासून गिरगाव-परळच्या गल्ल्यांपर्यंत घरं उद्ध्वस्त केली; हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. मूळ हेतू परकीय सत्तेचा असला तरी हत्याराच्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब असणं ही गोष्ट लोकशाहीलाही हवीच आहे, असं त्या अनुभवावरून म्हणता येतं.

पिस्तूल एवढं अवघड का?

लांब बंदुकीपेक्षा पिस्तूल चालवणं सोपं असेल असं वाटतं, कारण ते लहान असतं. प्रत्यक्षात नेमकं त्याच्या लहानपणामुळेच ते अवघड आहे. नेम धरताना डोळा दोन खुणा एका रेषेत आणतो: मागची खाच आणि नळीच्या टोकावरची पुढची खूण. पिस्तुलात या दोन खुणांमधलं अंतर साधारण १६ सेंटीमीटर असतं. पुढची खूण फक्त १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी सहा सेंटीमीटर बाजूला जाते आणि २५ मीटरवर पंधरा सेंटीमीटरहून जास्त. रायफलमध्ये हेच अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास असल्यानं तेवढीच चूक १० मीटरवर फक्त दोन सेंटीमीटरची होते. शिवाय रायफलला खांद्याचा, गालाचा आणि दोन्ही हातांचा आधार असतो. पिस्तूल हवेत, लांबवलेल्या हातांच्या टोकाला असतं.

आता चाप. रिकाम्या पिस्तुलाचं वजन किलोभराच्या आत-बाहेर असतं, पण चाप ओढायला दोन-तीन किलोंचा जोर लागतो. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी हातानं मागे न ओढता चाप ओढला तर याहून बराच जास्त. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर लावला की ती वस्तू हलणारच. ती हलू न देता फक्त एक बोट मागे आणायचं, बाकीच्या चार बोटांची पकड तशीच ठेवायची, हे शरीराला नैसर्गिकपणे येत नाही. त्यात धमाक्याची भीती मिसळते. गोळी सुटण्याच्या क्षणभर आधी मेंदू धक्क्यासाठी मनगट आवळतो आणि नळी खाली झुकते. नवशिक्याच्या गोळ्या निशाणाच्या खाली जातात त्यामागचं मोठं कारण हेच. हा दोष पकडायला उस्ताद एक युक्ती करतात: मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत अधूनमधून एखादं डमी काडतूस घालतात. चाप ओढला, धमाका झाला नाही, तरीही नळी खाली गेली, की शिकणाऱ्याला स्वतःचीच चूक उघड्या डोळ्यांनी दिसते. ती सवय मोडायला शेकडो वेळा चाप ओढावा लागतो.

हे सगळं चांदमारीवरचं झालं, जिथं निशाण हलत नाही, उजेड भरपूर असतो आणि समोरून गोळी येत नाही. खऱ्या प्रसंगात हृदयाचे ठोके वाढतात, बोटांची बारीक हालचाल बोजड होते, नजर आक्रसून समोरच्या धोक्यावरच खिळते आणि आजूबाजूचे आवाज मंद होतात. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास रँड या संशोधन संस्थेनं २००८ मध्ये प्रसिद्ध केला. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांनी झाडलेल्या शंभर गोळ्यांपैकी सरासरी १८ लागल्या. समोरचा गोळी झाडत नसतानाही हे प्रमाण ३० च्याच आसपास होतं. आणि हे पोलीस वर्षातून दोनदा गोळीबाराची परीक्षा देणारे होते. उरलेल्या सत्तर-ऐंशी गोळ्या कुठे जातात, हा प्रश्न दादरच्या पुलावर किंवा लालबागच्या गणेशगल्लीत विचारून पाहावा. ९ मिलिमीटरची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरहून जास्त वेगानं सुटते, आणि अडवणारं काही नसेल तर दीड किलोमीटरच्या पलीकडेही पोचू शकते.

सराव आणि परीक्षा

गोळीबाराच्या पात्रता चाचणीत ठरावीक अंतरावरून, ठरावीक वेळात, ठरावीक गोळ्या झाडायच्या आणि किमान अमुक इतक्या निशाणावर बसायला हव्यात अशी अट असते. अंतर बदलत जातं, कधी उभं राहून तर कधी गुडघ्यावर बसून नेम धरावा लागतो, मॅगझिन बदलण्याचा वेळही मोजला जातो. अट पूर्ण झाली नाही तर पुन्हा शिकवणी आणि पुन्हा चाचणी. तोवर हत्यार मिळत नाही. या शेवटच्या वाक्यातच चाचणीचा सगळा अर्थ आहे. नापास होण्याचा काही परिणामच नसेल तर ती चाचणी राहत नाही, फक्त नोंदवहीतला शेरा उरतो.

तरीही परीक्षा आणि सराव यांत गल्लत करू नये. गिरगाव-लालबागच्या गोविंदा पथकांकडे पाहावं. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि दहीहंडीपर्यंत रोज रात्री थर लागतात. गेल्या वर्षी आठ थर लावलेल्या पथकालाही यंदा पहिल्या दिवशी चार-पाच थरांपासूनच सुरुवात करावी लागते, कारण खांद्यांची ताकद आणि एकमेकांच्या वजनाचा अंदाज वर्षभर तसाच शिल्लक राहत नाही. कोणतंही शहाणं पथक फक्त जुन्या विक्रमाच्या भरवशावर वरच्या थराला पोर चढवत नाही. पिस्तुलाचं कौशल्य असंच विरत जातं. नाशिकच्या पोलीस अकादमीत किंवा मरोळच्या प्रशिक्षण केंद्रात भरतीच्या वेळी केलेला गोळीबार दहा वर्षांनी हातात उरत नाही. वर्षाकाठी एकदा थोडे राउंड झाडून आणणं हा त्या कौशल्याचा शेवटचा श्वास टिकवण्याइतपतच उपाय आहे.

इथं आपल्याकडची सगळ्यात दुखरी जागा येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर राज्य सरकारनं माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्यीय समिती नेमली. तिच्या अहवालानं जे अनेक दोष दाखवले त्यात दारूगोळ्याची टंचाई आणि त्यामुळे खुंटलेला गोळीबाराचा सराव हाही होता. म्हणजे ज्या दलाकडून आपण नेमबाजीची अपेक्षा करत होतो, त्याला सरावासाठी काडतुसंच पुरेशी मिळत नव्हती. त्यानंतर नवी हत्यारं आली, २००९ मध्ये फोर्स वन उभी राहिली, शीघ्र कृती पथकं बळकट झाली. हे चांगलंच झालं. पण कमांडो पथकाचा सराव म्हणजे सगळ्या दलाचा सराव नव्हे. नाक्यावर पहिल्या मिनिटाला उभा असतो तो स्थानिक पोलीस ठाण्याचा माणूस, आणि त्याच्या बोटाला चापाची सवय आहे का, हा प्रश्न कमांडोंच्या कौतुकात मागे पडतो.

परीक्षेत अजून एक गोष्ट हवी, जी कागदी निशाणावर कधीच तपासली जात नाही: गोळी झाडायची की नाही याचा निर्णय. पडद्यावर प्रसंग दाखवून, समोरच्याच्या हातात मोबाइल आहे की हत्यार हे क्षणात ओळखायला लावणारी यंत्रं आता उपलब्ध आहेत. त्यांना काडतूस लागत नाही आणि मोकळं मैदानही लागत नाही. जागेची एवढी टंचाई असलेल्या शहरात हा मार्ग आधी सुचायला हवा होता.

चौकट: पिस्तूल कमरेला कसं असतं?
भारतीय पोलिसांकडे दिसणारं ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनतं. ब्राउनिंग हाय-पॉवर या प्रसिद्ध पिस्तुलावर ते बेतलेलं असून त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसं बसतात. ते दोन प्रकारे बाळगता येतं. मॅगझिन भरलेलं पण नळीच्या मागचा कप्पा रिकामा ठेवला, तर अपघात जवळजवळ टळतो, मात्र वापरायच्या क्षणी दुसऱ्या हातानं वरचा भाग मागे ओढून सोडावा लागतो. कप्प्यात काडतूस भरून ठेवलं तर वेळ वाचतो, पण सगळी सुरक्षा खटक्यावर आणि बोटाच्या शिस्तीवर येऊन पडते. यातली कोणती पद्धत योग्य हे सरावावर अवलंबून आहे. सराव नसलेल्या माणसासाठी दुसरी पद्धत धोक्याची आहे, आणि पहिली पद्धत ऐनवेळी त्याला फारशी उपयोगी पडत नाही.

घरी नेलेलं हत्यार

समजा, उद्या प्रत्येक पोलिसाला पिस्तूल घरी न्यायची मुभा दिली. ते कुठून कुठे जाईल याचा नुसता नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिण आणि मध्य मुंबईत नोकरी करणारे कितीतरी पोलीस विरार, बदलापूर, पनवेलच्या बाजूला राहतात. दिवसातून दोनदा, लोकलच्या दारात, जिथं खिशातलं पाकीट सांभाळणं कठीण, तिथं त्यांना शर्टाखालचं भरलेलं पिस्तूल सांभाळावं लागेल. जे शहरात राहतात त्यातल्या अनेकांनी उमेदीची वर्षं बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत काढली. तिथं लोखंडी तिजोरी बसवायला कोपरा नाही, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं कपाट नाही. चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत आणि घरं मोठी होत आहेत. तरी घरातल्या हत्याराचा मूळ धोका चौरस फुटांनी संपत नाही.

तो धोका चोरीपेक्षाही मोठा आहे. पोलिसाची नोकरी झोप मोडणारी, सण-वार हिरावणारी आणि सतत ताण देणारी. निराशेच्या घटकेला हाताशी हत्यार असणं किती घातक ठरतं, याचा पुरावा इस्रायलच्या लष्करानं दिला आहे. तिथले तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर नेत. २००६ मध्ये हे थांबवलं गेलं. हत्यार छावणीत ठेवूनच घरी जायचं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की सैनिकांच्या आत्महत्यांचं प्रमाण ४० टक्क्यांनी घटलं, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. कामाच्या दिवसांत फारसा फरक पडला नाही. माणसं तीच, ताण तोच. हत्यार फक्त काही पावलं दूर गेलं आणि तेवढ्यानं कितीतरी जीव वाचले. आपल्या पोलिसांच्या आयुष्याची काळजी असणाऱ्या कुणालाही हा आकडा विसरता येऊ नये.

अपघाताचं उदाहरण तर मुंबईतलंच आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. हत्यार कपाटात ठेवताना हातातून निसटून पडलं असं त्यांच्या बाजूनं सांगण्यात आलं. आधुनिक हत्यारांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचू नये यासाठी आतमध्ये अडसर असतो. जुन्या घडणीच्या हत्यारांत तो असतोच असं नाही, आणि असला तरी झिजलेला असू शकतो. म्हणून पात्रता चाचणी माणसाची तशी हत्याराचीही व्हायला हवी.

तिसरा धोका बाहेरच्यांना पटकन सुचत नाही. साध्या कपड्यातला पोलीस हातात पिस्तूल घेऊन धावला, तर गणवेशातला सहकारी त्याला काय समजेल? न्यूयॉर्कमध्ये मे २००९ मध्ये ओमर एडवर्ड्स हा तरुण पोलीस ड्युटी संपवून निघाला होता. गाडी फोडणाऱ्याचा पाठलाग करताना हातात पिस्तूल असलेल्या त्याला सहकाऱ्यानंच गोळी घातली. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यानं नेमलेल्या गटाला १९८१ ते २००९ या काळात अमेरिकेत अशा गैरसमजातून २६ पोलीस मारले गेल्याचं आढळलं. दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या शहरात, जिथं एका पोलीस ठाण्याची माणसं दुसऱ्या ठाण्याच्या माणसांना चेहऱ्यानं ओळखत नाहीत, हा धोका कमी असण्याचं काहीच कारण नाही.

२६/११ च्या रात्रीचं काय?

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप गिरगाव चौपाटीवरूनच येतो. त्या मध्यरात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना हल्लेखोर कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्यांच्यामुळे एक दहशतवादी जिवंत सापडला. त्यांच्या हातात पिस्तूल असतं तर? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनातली वेदना खरी आहे आणि तिला उडवून लावता येणार नाही. पण ओंबळे त्या वेळी कामावर होते. नाकाबंदीच्या कामावर असलेल्या माणसाला योग्य हत्यार आणि चिलखत मिळालं नाही, हा तिथला दोष. त्याचा उपाय कामावरच्या माणसाला सज्ज करणं हा आहे. सुट्टीवरच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल देऊन तो दोष भरून निघत नाही. त्याच नाक्यावर हत्यार असलेल्या अधिकाऱ्यांनी जवळून झाडलेल्या गोळ्यांनी दुसरा दहशतवादी इस्माईल खान टिपला गेला, ही गोष्टही सोबत आठवावी. ते अधिकारी कामावर होते, एकत्र होते, वाट पाहत उभे होते आणि समोर कोण आहे हे त्यांना माहीत होतं.

घरी असलेल्या अधिकाऱ्याचं उदाहरणही त्याच रात्रीचं आहे. अपर पोलीस आयुक्त सदानंद दाते घरून निघाले, वाटेत मलबार हिल पोलीस ठाण्यातून कार्बाईन घेतली आणि कामा रुग्णालयात जाऊन भिडले. हातबॉम्बनं जखमी होऊनही त्यांनी दहशतवाद्यांना बराच वेळ रोखून धरलं. कलम २८ मधली चोवीस तासांची जबाबदारी आणि शस्त्रागारातलं कुलूप या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदू शकतात, हे यातून दिसतं. अट एवढीच की शस्त्रागार जवळ हवं, त्यात उपयोगी हत्यार हवं, रात्री दोन वाजताही ते उघडून देणारा माणूस हवा, आणि हत्यार घेणाऱ्याला ते चालवता यायला हवं. न्यूझीलंडचे पोलीसही रोज हत्यार लावून फिरत नाहीत. गस्तीच्या गाडीत ते कुलूपबंद असतं आणि गरज पडताच बाहेर येतं. आपल्याकडे याच दिशेनं विचार व्हायला हवा.

दुसरा आक्षेप धमक्या मिळणाऱ्या अधिकाऱ्यांचा. टोळीच्या म्होरक्याला तुरुंगात पाठवणारा तपास अधिकारी संध्याकाळी मुलीला क्लासला सोडायला निःशस्त्र जावा का? अजिबात नाही. अशा अधिकाऱ्याला हत्यार जवळ ठेवायची लेखी मंजुरी मिळालीच पाहिजे. मात्र ती मंजुरी ठरावीक मुदतीची असावी आणि तिला दोन अटी असाव्यात: ताजी उत्तीर्ण चाचणी आणि घरात कुलपाची सोय. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यानं निवृत्त पोलिसांना देशभर हत्यार बाळगायची मुभा दिली, तीसुद्धा गेल्या बारा महिन्यांत गोळीबाराची चाचणी उत्तीर्ण झाल्याच्या अटीवर. हत्याराच्या बाबतीत इतक्या सढळ देशालाही ही अट आवश्यक वाटली.

मानसिक तपासणीचाही त्यात समावेश हवा. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये बंदोबस्तावर असलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानानं सरकारी हत्यारातून आपल्या वरिष्ठासह चौघांना ठार केल्याचा आरोप आहे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण हत्यार हाती देण्याआधी त्या हातामागच्या मनाची विचारपूस करणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे, हे कळायला निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. ही विचारपूस शिक्षेच्या भीतीशिवाय व्हायला हवी. ‘मला काही दिवस हत्यार नको’ असं सांगणाऱ्या पोलिसाची बढती अडणार असेल, तर कुणीही तसं सांगणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. आधीच बंदोबस्तानं पिचलेल्या ठाण्यातून माणसं सरावाला सोडायची कशी? गणेशोत्सवात परळ-लालबागच्या ठाण्यांना ते शक्य नाही हे मान्य. पण वर्ष बारा महिन्यांचं असतं. दर तिमाहीला अर्धा दिवस, रिकाम्या पिस्तुलावर चाप ओढण्याचा बिनखर्ची सराव, पडद्यावरच्या निर्णयाचा सराव आणि थोडी खरी काडतुसं, एवढ्यानंही आजच्यापेक्षा पुष्कळ फरक पडेल. भरकटलेल्या एका गोळीनं एखादा प्रवासी गेला, तर त्या खर्चाची बरोबरी कोणत्याही काडतुसांच्या बिलाशी होणार नाही.

यातलं पहिलं पाऊल स्वस्त आहे आणि ते उचलायला कायदा बदलावा लागत नाही. मुंबई पोलीस आयुक्तालयानं दरवर्षी प्रत्येक परिमंडळाचे तीन आकडे जाहीर करावेत: किती जणांना हत्यार दिलं जातं, त्यांतल्या किती जणांनी त्या वर्षी गोळीबाराची चाचणी दिली, आणि किती जण उत्तीर्ण झाले. यात कुणाचं नाव येत नाही की गुप्त माहिती फुटत नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या नागरिकांनी आपल्या आमदारांकडे आणि मोहल्ला समितीच्या बैठकीत हे आकडे मागावेत, आणि पोलिसांच्या सरावासाठी काडतुसांची तरतूद दर अर्थसंकल्पात किती झाली हेही त्याच दमात विचारावं.